कोणाची धाप

२० नोव्हेंबर

काल औषधं आणायला गेले तेव्हा ही वही संचिताने दिली. संचिता म्हणजे कणकवलीच्या दवाखान्यात हृदयाच्या पेशंटना व्यायाम शिकवणारी मुलगी, आमच्या लेकीहून, भक्तीहूनही लहान. तिने स्वतः पट्टीने रकाने आखून दिलेत. तारीख, वजन, किती मिनिटं चालले, धाप शून्य ते दहा, पायाला सूज. म्हणाली, "काकी, तुम्ही अंगणवाडीत होतात ना, तुम्हाला काय शिकवायचं!"

एकतीस वर्षं आचऱ्यातल्या पोरांची वजनं घेतली मी. रकाना रिकामा राहिलेला मला बघवत नाही. पण रकान्यात न मावणारं बरंच आहे, ते या मागच्या पानांवर लिहिणार. इकडे कोण बघायला येतंय.

ह्यांना सात ऑक्टोबरला झटका आला. बंदरावर कोणाच्या तरी होडीचं इंजिन खोलून बसले होते, तिथेच आडवे झाले. कोल्हापूरला दोन स्टेंट घातले. डॉक्टर म्हणाले पंपिंग अडतीस टक्के राहिलंय, पण घाबरू नका, रोज थोडं थोडं चालवा. आमचं घर रस्त्याच्या खाली, माडांत. उतरायला जांभ्याच्या बेचाळीस पायऱ्या. शेजारच्या रिक्षावाल्या सुदेशने आणि त्याच्या भावाने ह्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. त्यानंतर हे वर गेलेले नाहीत. बाजार, औषधं, गॅसचा नंबर, सगळ्याला मीच वर-खाली.

२२ नोव्हेंबर

सकाळी उन्हं आल्यावर घरापुढच्या खळ्यात चाललो. मी कोपर धरून बरोबर चालत होते आणि मोठ्याने फेऱ्या मोजत होते. पाचव्या फेरीला हे एकदम थांबले.

"बस झाला."

"धाप लागली?"

माझ्या तोंडाकडे बघत राहिले जरा वेळ. मग म्हणाले, "लागली."

घाम नव्हता, बोलणंही सरळ होतं. तरी सांगतायत तर लिहायला हवं. धाप सहा लिहिली.

२६ नोव्हेंबर

दोन फेऱ्यांत संपलं. पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "तूय वायच बस गो." मी म्हटलं, माझी भांडी कोण घासणार? त्यावर तोंड फिरवलं.

आंघोळीलाही नको म्हणतात. न्हाणीतल्या चुलीवर पाणी तापवून बादली आणली तर ओरडले, "थंड पाण्यान मी मरणंय नाय! कित्याक आणलंस?" ह्या माणसाने चाळीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता. मी बादली तिथेच ठेवून आत गेले आणि पदराने तोंड दाबून बसले. दम लागला होता, रडण्यानेच.

२९ नोव्हेंबर

आज उठलेच नाहीत. रकान्यात शून्य मिनिटं.

काल शर्मिलाने वरून बांगडे आणून दिले. शर्मिला म्हणजे सुदेशची बायको, रस्त्याला लागून त्यांचं घर. मी हौसेने खोबऱ्याचं वाटप वाटलं, तिरफळं घालून बांगड्याची कढी केली. ताट समोर ठेवलं तर हात लावला नाही. "माका पेज पुरे. ह्या रांदत बसा नको." ताटात मासळी नसेल तर ताट सरकवणारा माणूस हा.

जगायचंच नाही त्यांना. मला आता स्वच्छ दिसतंय. आणि आज जे मनात आलं तेही लिहून टाकते, नाहीतर ते डोक्यात कुजेल. पेज ढवळताना मनात आलं, त्या दिवशी होडीतच झालं असतं तर एकदाच रडून मोकळी झाले असते. आता रोज थोडं थोडं मरणं बघायचं. असं मनात येणारी बाई मी नव्हते.

३ डिसेंबर

भक्तीने पुण्याहून पाठवलेला वजनाचा काटा बिघडला वाटतं. ह्यांचं वजन ५७ दाखवतो, ते पटतं. पण काटा तपासायला म्हणून मी उभी राहिले तर ६४.८. आला त्या दिवशी माझं ६१.५ होतं. मी तर दिवसभरात एक भाकरी खात नाही. अंगणवाडीत असले काटे आम्ही परत पाठवायचो. तरी पुन्हा एकदा बघेन, म्हणून आकडा कोपऱ्यात लिहून ठेवते.

पाटल्या हातात रुतायला लागल्यात. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागत नाही. दिवसभर उभं राहिल्यावर असंच होणार.

प्रेशरच्या माझ्या गोळ्या संपल्यात. ह्यांच्या गोळ्या आणायला गेले तेव्हा माझ्या आणायला विसरले. आता पुन्हा पायऱ्या चढायचा कंटाळा येतो.

७ डिसेंबर

आडवं पडलं की खोकला येतो. म्हणून मी भिंतीला उशा लावून बसूनच डोळे मिटते. बरंच झालं, ह्यांच्यावर लक्ष राहतं.

रामेश्वराचा कौल झाला. पंधरा तारखेपासून गावपळण. तीन दिवस तीन रात्री अख्खा गाव वेशीबाहेर जाऊन राहणार, माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या. मागे कोणी राहायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून एकही गावपळण चुकवली नाही मी. दर वेळी वाट बघायची. रानात चुली, पोरांचा गलका, मोकळं आभाळ. या वेळी बातमी ऐकली आणि आधी पायऱ्याच आठवल्या. ह्यांना बेचाळीस पायऱ्या चढवायच्या कशा?

भक्तीला फोन केला. ती म्हणाली, "आई, सुदेशदादाला सांग, खुर्चीतून नेईल." हे शेजारीच होते, त्यांनी ऐकलं. "मी काय मडा आसंय उचलून न्हेवक?"

१२ डिसेंबर

"मी येवचंय नाय. तू जा शर्मिलावांगडा."

तीन दिवस हेच. मी समजावलं, हात जोडले, देवाची भीती घातली. छपराकडे बघत पडून असतात. आज एवढंच बोलले, "तू जा गो. थय शर्मिला रांदतली, तू नुसती बस."

म्हणजे मला दूर घालवायचं आहे. रिकाम्या गावात, कुत्रंही भुंकत नसताना, एकटं पडून मरायचं आहे ह्यांना. चाळीस वर्षांच्या संसाराचं हेच का फळ? मी सांगून टाकलं, "मगे मीय रवतंय. दोघाय मरूया. देव कोपलो तर कोपांदे."

डोळे मिटून घेतले त्यांनी. मग म्हणाले, "येतंय."

१६ डिसेंबर

कणकवलीच्या दवाखान्यातून लिहिते आहे. वही पिशवीत होती. खाटेवर मी आहे, हे स्टुलावर बसलेत. असं उलटं कसं झालं ते क्रमाने लिहिते.

काल सकाळी निघायचं ठरलं. सुदेश खुर्ची घेऊन यायच्या आधीच हे उठले, लुंगी आवळली आणि अंथरुणाची वळकटी खांद्यावर घेतली. मी ती हिसकावून घेतली. अडतीस टक्क्यांच्या माणसाने वजन उचलायचं? "ठेव ता! ठेव म्हणतंय!" असे ओरडले. मी ठेवली नाही. मग रागाने एकटेच पायऱ्या चढायला लागले. माझा जीव टांगणीला. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात कोंबड्या घातलेली बांबूची डाळी, आणि मी मागून ओरडतेय, "सावकाश! दर धा पायऱ्यांक थांबा!" ते दोनदा थांबले. वर पोचले. रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसले. मी खालून बघत होते, आता छाती धरतील, आता कोसळतील. पण ते नुसते बसले होते, माझ्याकडे बघत.

आणि मला पुढची पायरी चढता येईना.

कितवी पायरी ते आठवत नाही. हवा आत जात होती पण पुरत नव्हती. बुडताना होत असेल तसं. डाळी हातातून सुटली, कोंबड्या माडांत पळाल्या. मी पायरीवर बसले, बसूनही पुरेना. कानात नुसता दणदण आवाज. त्यात ह्यांची हाक ऐकू आली, "शर्मिलाऽ! सुदेश! धावा रे!" एवढा मोठा आवाज झटक्यानंतर मी ऐकला नव्हता. आणि हे उतरत होते. ज्यांना चालवत नाही ते झरझर खाली येत होते.

ह्यांच्यासाठी आणलेल्या खुर्चीतून मला वर नेलं. सुदेश एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला हे. मी खुणेने नको म्हणत होते. कोण ऐकणार!

रस्त्यावर अख्खा गाव चालला होता, गाड्या, बैलगाड्या, डोक्यावर पेट्या. त्यातून सुदेशची रिक्षा उलट दिशेला. तासाभराने दवाखान्यात पोचेपर्यंत माझी धाप ओसरली होती. कार्डिओग्राम चांगला. सोनोग्राफीने हृदय बघितलं, पंपिंग बासष्ट टक्के. तिथले डॉक्टर म्हणाले, "काकी, तुमचं हृदय तुमच्या मिस्टरांपेक्षा दणकट आहे. हे टेन्शन आहे. घरात आजारी माणूस असला की असं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नाटक केलं म्हणायचं का हे? आजारी माणसाला त्या पायऱ्या दोनदा चढायला लावल्या, कशासाठी, तर टेन्शन!

२१ डिसेंबर

गाव परत आला. आम्हीही आलो. शांत होण्याची गोळी दिली आहे, ती घेतली की दिवसभर जड वाटतं.

पण कमी काहीच नाही. आज न्हाणीतून स्वयंपाकघरापर्यंत यायला दोनदा थांबले. हृदय दणकट आहे, बासष्ट टक्के, मग हे काय आहे? भक्ती फोनवर म्हणाली, "आई, पुण्यात समुपदेशन करतात, एकदा बोलून बघशील?" म्हणजे लेकीलाही वाटतं मला वेड लागतंय. कदाचित लागतच असेल. जीवच नको झालाय आणि कोणाला सांगायची सोय नाही, कारण आजारी हे आहेत, मी नाही.

हे आता न सांगता खळ्यात चालतात, मला बरोबर घेत नाहीत. मी दारातून मोजते. आज अठरा फेऱ्या. धाप विचारली तर म्हणाले, "शून्य." माझ्याशिवाय बरे चालतात. मीच नको होते तर.

३० डिसेंबर

ह्यांच्या तपासणीला कणकवलीला गेलो. संचिताने वही मागितली, मी दिली. ह्यांना यंत्राच्या पट्ट्यावर चालवायचं सोडून ती वहीच वाचत बसली. मागची पानं उलटताना दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं. हात पुढे केला, "बाय, ता माझा आसा, ता नको." पण ती एकोणतीस नोव्हेंबरच्याही पुढे गेली होती. शरमेने मला वर बघवेना. होडीतच झालं असतं तर, हेसुद्धा वाचलं असणार तिने.

तिने बोट पानाच्या एका कोपऱ्यावर ठेवलं. म्हणाली, "काकी, हे चौसष्ट पॉइंट आठ कोणाचं वजन?"

"माझा. काटो बिघडलो आसा."

"चढा बघू आमच्या काट्यावर."

६७.१.

मग ती चक्क जमिनीवर बसली. माझी साडी घोट्याच्या वर सरकवली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तेव्हा तिथे खळगा राहिला, ओल्या वाळूत राहतो तसा. भरेचना. मी तो बघत होते, आणि हेही बघत होते.

"किती उशा घेता झोपताना?"

"मी निजनंय नाय, बसतंय."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "काकी, तुम्ही काकांची वही लिहीत होतात की तुमची?"

तिनेच वरच्या डॉक्टरांना गाठलं. पाणी उतरवायची गोळी आजच सुरू केली, प्रेशरची परत सुरू केली, आणि गोव्याला एका तपासणीसाठी चिठ्ठी दिली. बसल्या जागी नाही, मेहनत करताना हृदय बघतात ती. ह्यांचीही करा म्हणाली.

८ जानेवारी

गोव्याला जाऊन आलो.

गार खोली. तिरक्या खाटेवर डाव्या कुशीला कलून झोपवतात आणि पायाशी सायकलची पेडलं. छातीला यंत्र लावून डॉक्टरीणबाई पडद्यावर बघत असतात आणि आपण पेडल मारायचं. दर तीन मिनिटांनी पेडल जड करतात. पहिली दोन मिनिटं मला वाटलं, आता हसं होणार, काही निघणार नाही, सगळ्यांना कळणार की ही बाई नाटकी आहे. देवाची शपथ, मी मनात म्हणत होते, काहीतरी निघू दे. दुखणं मागणारी मी पहिलीच असेन.

चौथ्या मिनिटाला तेच झालं, पायरीवर झालं तेच. मी "थांबवा, थांबवा" म्हणत होते आणि त्या म्हणत होत्या, "अजून थोडं, काकी, मला हेच बघायचंय."

नंतर ह्यांची पाळी. ह्यांनी नऊ मिनिटं मारलं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. आकडे मी लिहून घेतले. हृदय भरतानाचा आतला दाब त्या एका आकड्यावरून ओळखतात. माझा बसल्या जागी नऊ, म्हणजे ठीक. पेडल मारताना अठरा. ह्यांचा बसल्या जागी अकरा, पेडल मारताना बारा.

"हृदय किती जोरात आकसतं ते सगळे मोजतात," त्या म्हणाल्या. "पण आकसण्याआधी ते सैल होऊन भरावं लागतं. चालायला लागलं की ठोके वाढतात, भरायला वेळ कमी मिळतो. चांगलं हृदय तेव्हा आणखी पटकन सैल होतं. काकांचं आकसणं कमी झालंय, पण भरताना ते अजून ऐकतं. काकी, तुमचं उलटं आहे. वर्षानुवर्षं प्रेशरशी झगडून ते जाड झालंय. बसलेलं असताना निभावून नेतं, म्हणून तेव्हाच्या तपासणीत काही दिसलं नाही. कामाला लावलं की सैल होत नाही, मग रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. तीच तुमची धाप."

हे पुढे वाकले. "म्हणजे इंजिनाची ताकद आसा, पण डिझेल आत घेवक गावना नाय."

"तसंच काहीसं," त्या हसल्या.

मी विचारलं, "बरं होईल?"

त्या हसायच्या थांबल्या. "ते पहिल्यासारखं मऊ करणारं औषध माझ्याकडे नाही. पाणी साठू न देणारं आहे, प्रेशर धरून ठेवणारं आहे. आणि चालणं, पण सपाटीला, बोलता येईल इतक्याच वेगाने. ओझं घेऊन चढायचं नाही. हे तुम्ही जन्मभर सांभाळायचं."

बाहेर आल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं, मी वेडी नाही. मग व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि हिशेब केला. घरात एक हृदय अर्धं होतं, आता दोन झाली.

९ जानेवारी

आज भांडलो.

मी न्हाणीकडे बादली घ्यायला गेले, तर हे आडवे आले. मी म्हटलं, "आता आडवे येतास? म्हयनोभर खाटेर पडान होतास तेव्हा खय होतास?"

"तुझ्यासाठीच पडान होतंय," हे म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"पयल्याच दिवशी खळ्यात माका कळला. माझो हात धरून मोजत होतंस, पाच म्हणताना तुझो आवाज तुटलो. धाप तुका लागलेली, माका नाय. मी म्हटलंय, मी चललंय तर तूय चलतलंस. मी पडान रवलंय तर तू वायच बसतलंस. आंगोळ नको, कढी नको, सगळा नको. पण तू बसलंसच नाय. जितक्या नको म्हणा, तितक्या जास्त करूक लागलंस."

"तोंडान सांगूक काय झाला होता?"

"सांगला असता तर ऐकलं असतंस? आणि माकाय भय वाटला गो. तुका काय आसा ह्या कोणी सांगला तर मी काय करतलंय? मी अर्धो माणूस. न बोलल्यान ता नसलेला होयत, असा वाटला."

मी ओरडले. काय काय ओरडले ते लिहीत नाही. महिनाभर हा माणूस मरायला टेकलाय म्हणून मी तिळतिळ तुटत होते आणि तो माझ्यासाठी नाटक करत होता, आणि त्या नाटकापायी मी आणखी राबत होते. ओरडता ओरडता दम संपला. त्यांनी पाठीवर हात ठेवला, मी झिडकारला. पुन्हा ठेवला. मग तिथेच, न्हाणीच्या दगडावर, दोघं रडलो. ह्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

एकोणतीस नोव्हेंबरला मनात आलं होतं तेही सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्याय मनात येय. तुझ्याआधी जावचा म्हणान."

२५ जानेवारी

वजन ६२.४. उशा दोन. पण काल जरा बरं वाटलं म्हणून गोणपाटभर नारळाची सोडणं उचलून आत टाकली आणि अर्धा दिवस वाया गेला. म्हणजे बरं झालेलं नाही, होणारही नाही. नुसतं राखायचं.

सकाळी रिकाम्या हाताने, थांबत थांबत पायऱ्या चढतो, मग सुदेश रिक्षाने समुद्रावर सोडतो. ओहोटीला वाळू कडक असते, सपाट. शर्मिलाने परवा विचारलं, "काकी, दोघांत पेशंट कोण?" मी म्हटलं, वाराप्रमाणे.

आज चालताना मला थांबावं लागलं. हे पुढे गेले होते, परत आले. उभ्या उभ्या मी विचारलं, बरेच दिवस विचारायचं राहिलं होतं ते. "आधी कोण जातला वो?"

त्यांनी समुद्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आज कोणूच नाय. भरती येयसर चलूया."

माझा श्वास जाग्यावर येईपर्यंत ते थांबले. मग चाललो.